विल्सन रोगाची मुले मानसोपचाराच्या ओपीडीत हरवू नयेत : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

दहा-बारा वर्षांपर्यंत चांगले शिकणाऱ्या मुलाचे अक्षर बिघडू लागते. मूल चिडते, कारण नसताना रडते-हसते, गुण घसरतात. शाळेला वाटते लक्ष नाही; घरच्यांना वाटते मोबाइलचा परिणाम, नाहीतर बाहेरची बाधा. पुढे जीभ जड होते, लाळ गळते, हात थरथरतो. यातल्या काही मुलांच्या मेंदूत तांबे साठत असते.

हा विल्सन रोग. आई-वडील दोघांकडून एटीपी७बी जनुकाची सदोष प्रत आली, की यकृताला जादा तांबे पित्तावाटे बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात साठते, मग रक्तातून मेंदूच्या खोल भागांत उतरते. हालचाल आणि भावना या दोन्हींवर ताबा ठेवणारे भागच त्यात सापडतात, म्हणून हा आजार मनोविकारासारखा दिसतो.

सर्वांत मोठे नुकसान इथेच होते. निदान न करता हॅलोपेरिडॉल किंवा रिस्पेरिडोन ही मनोविकारावरची औषधे सुरू झाली, तर आधीच दुखावलेल्या मेंदूत ताठरपणा झपाट्याने वाढू शकतो, गिळणेही अवघड होते. तो ताठरपणा ‘गोळ्यांचा दुष्परिणाम’ म्हणून सोडून दिला जातो आणि रोगाची खूणच झाकली जाते. म्हणून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या प्रत्येक केंद्राला लेखी सूचना हवी : वागणे बदललेल्या मुलात थरथर, अडखळते बोलणे, बिघडलेले अक्षर किंवा पूर्वीची कावीळ यांपैकी काहीही असेल, तर आधी तीन तपासण्या.

पहिली, रक्तातील सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे तांबे वाहून नेणारे प्रथिन. २० मिग्रॅ प्रति डेसिलिटरपेक्षा कमी असेल तर संशय, १० पेक्षा कमी असेल तर दाट संशय. पण कुपोषणात ते खाली येते आणि शरीरात दाह असेल तर खोटे वर जाते. त्या एका आकड्यावर मुलाला घरी पाठवू नये. दुसरी, २४ तासांच्या लघवीतील तांबे. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत थेंबन्‌थेंब जमा करायची, तीही प्रयोगशाळेने आम्लाने धुऊन दिलेल्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये. घरचे धातूचे भांडे वापरले तर तपासणी वाया गेली. मुलांत ४० मायक्रोग्रॅमच्या वर आकडा गेला, की पुढचा तपास हवाच. तिसरी, स्लिट लॅम्पने, म्हणजे डोळे तपासण्याच्या सूक्ष्मदर्शकाने, ‘कायसर-फ्लायशर’ कडे शोधणे; तांबे साठून बुबुळाच्या काठावर उमटणारे हे वलय. मेंदूवर परिणाम झालेल्या बहुतेक रुग्णांत ते सापडते. फक्त यकृत बिघडलेल्या लहान मुलांत मात्र अनेकदा नसते. स्लिट लॅम्प बहुतेक जिल्हा रुग्णालयांत आहे. उरलेल्या दोन तपासण्यांसाठी नमुने वैद्यकीय महाविद्यालयाकडे पाठवण्याची सोय झाली, तरी पुरे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत जातातच. त्यांच्या तपासणीत दोन प्रश्न घाला : अक्षर अलीकडे बिघडले का? कधी कारण न कळलेली कावीळ झाली होती का? वर्गशिक्षकांना पहिल्याचे उत्तर ठाऊक असते.

आता औषधांचे. पेनिसिलामाइन हे साठलेले तांबे लघवीवाटे बाहेर काढणारे औषध हळूहळू वाढवत किलोमागे दिवसाला साधारण २० मिग्रॅपर्यंत नेतात, म्हणजे ३० किलोच्या मुलाला सुमारे ६०० मिग्रॅ. घाईने वाढवले तर मेंदूची लक्षणे बळावतात, कधी ती पुन्हा कमीही होत नाहीत. ते जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी, सोबत ब६ जीवनसत्त्व. रक्तपेशी आणि लघवीतील प्रथिने नियमित तपासून. अन्नातले तांबे शोषू न देणारे झिंक द्यायचे असेल तर वेगळ्या वेळी, कारण एकत्र दिल्यास दोन्हींचा परिणाम कमी होतो. ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात. मूल उत्तम दिसत असतानाही ती थांबली, तर काही महिन्यांत यकृत निकामी होऊ शकते. त्यामुळे ‘स्टॉक नाही’ हे उत्तर इथे जिवावर बेतते. नोंदणी झालेल्या प्रत्येक मुलासाठी किमान तीन महिन्यांचा राखीव साठा जिल्हा रुग्णालयात ठेवावा. तांब्याच्या भांड्यातले पाणी आरोग्यदायी म्हणून हल्ली घरोघरी पितात; या मुलांना ते देऊ नये, हेही औषध देतानाच सांगावे.

आणि एका मुलाचे निदान झाले, की सख्ख्या भावंडांची तपासणी त्याच आठवड्यात, मोफत व्हावी. प्रत्येक भावंडाला हा रोग असण्याची शक्यता २५ टक्के आहे. लक्षणे दिसण्यापूर्वी उपचार सुरू झाले आणि चालू राहिले, तर त्याच्या मेंदूपर्यंत हा रोग सहसा पोहोचतच नाही.

आपले,
विल्सन रोगाच्या मुलांसोबत काम करणारे डॉक्टर आणि समुपदेशक