लॉगिनवरच सर्व्हर का कोसळतो?

महोदय,

निकालाच्या किंवा प्रवेशाच्या दिवशी संकेतस्थळ उघडते, लॉगिन केले की कोसळते. मग ‘गर्दी झाली’ म्हणून सर्व्हर मोठा घेतला जातो. हे निदान नव्हे. मुखपृष्ठ साठवलेल्या प्रतीवर भागते. लॉगिनला मात्र डेटाबेसची जोडणी, पासवर्डची पडताळणी आणि सेशनची (कोण लॉगिन आहे याची) नोंद, सगळेच लागते.

आधी कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदी पाहाव्यात. तिथे ‘आउट ऑफ मेमरी’ (मेमरी संपली) दिसले, तर संकेतस्थळ चालवणाऱ्या पीएचपी या भाषेच्या प्रक्रिया मोजाव्यात. ८ जीबी रॅमपैकी २ जीबी इतर कामांना सोडली आणि एक प्रक्रिया ६० एमबी खात असेल, तर शंभराच्या आसपासच मावतात. प्रक्रियांची मर्यादा ३०० ठेवली की १८ जीबी लागते. मग कर्नल प्रक्रिया मारू लागतो, बहुधा डेटाबेसचीच.

मेमरी शाबूत असेल, तर डेटाबेसच्या जोडण्या तपासाव्यात. पोस्टग्रेस हा डेटाबेस मुळात १०० जोडण्या देतो, मायएसक्यूएल १५१. आकडा नुसता वाढवू नये. पोस्टग्रेसपुढे पीजीबाउन्सर, म्हणजे थोड्या जोडण्या अनेकांना आळीपाळीने देणारा मध्यस्थ, बसवावा.

पासवर्ड पडताळण्याची बीक्रिप्ट ही पद्धत मुद्दाम संथ असते. एका पडताळणीला पाव सेकंद लागत असेल, तर चार कोअरवर सेकंदाला सोळाच लॉगिन होतात. त्यासाठी सुरक्षा पातळ करू नये, दारात रांग लावावी. नाहीतर लोक पुन्हापुन्हा बटण दाबतात आणि भार आणखी वाढतो.

भारचाचणी मुखपृष्ठावर घेऊन समाधान मानणे व्यर्थ. ती लॉगिनवर, वेगवेगळ्या खात्यांनी घ्यावी.

– सर्व्हर देखभालीतील काही तंत्रज्ञ, पुणे