बत्तिसाव्या वर्षी नवीन सिस्टर

बार्शी, रविवार

चि. सौ. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू नोकरीच्या दोन्ही ठिकाणचं सांगितलंस आणि मी नुसतं "बघू, विचार करून सांगतो" म्हणालो. खरं तर मला तेव्हाच सुचलं होतं. पण शेजारी तुझी आई बसली होती आणि तिचा जीव वरच्या तीन हजारांत अडकला होता. फोनवर आम्हा दोघांचीच जुंपली असती आणि तुझं राहून गेलं असतं. म्हणून कागद घेतला.

३० खाटांचा खासगी दवाखाना १८ हजार देतोय आणि दुसऱ्या आठवड्यापासून आयसीयूत ड्युटी लावतोय. ट्रस्टचं मोठं हॉस्पिटल १५ हजार देतंय आणि पहिले तीन महिने ‘ट्रेनी’चा बिल्ला लावायला सांगतंय. तू म्हणालीस, "अण्णा, बत्तिसाव्या वर्षी ट्रेनी म्हणून फिरू? सोबतच्या पोरी बावीस-तेवीसच्या असतील." असू देत. तू ट्रस्टचं घे. का, ते नीट सांगतो.

मी सिस्टर नव्हतो. सरकारी दवाखान्यात कक्षसेवक म्हणून लागलो आणि सगळ्यांचा मामा म्हणून निवृत्त झालो. ट्रॉली ढकलली, ऑक्सिजनचे सिलिंडर बदलले, निर्जंतुक करायच्या ऑटोक्लेव्हचे ड्रम वाहिले. पण वॉर्डात मामा कुणाला दिसत नाही, आणि जो दिसत नाही त्याला सगळं दिसतं. नवीन सिस्टर कितीतरी पाहिल्या. कोण टिकेल, याचे माझे अंदाज निम्म्याहून जास्त वेळा चुकले, त्यामुळे त्या बाबतीत मी शहाणपण सांगणार नाही. एक गोष्ट मात्र वारंवार पाहिली. बावीस वर्षांची पोर पहिल्यांदा वॉर्डात आली की चेहऱ्यावरूनच कळतं, ही नवीन आहे. इनचार्ज तिला हाताला धरून क्रॅश ट्रॉली, म्हणजे तातडीच्या औषधांची गाडी, दाखवते, डॉक्टर ऑर्डर दोनदा सांगतात, मावशी सांगते की स्पिरिट त्या कपाटात आहे. आणि तिशी ओलांडलेली कुणी आली की सगळे धरून चालतात, हिला येत असणार. नातेवाईक तिलाच "मोठ्या सिस्टर" म्हणून हाक मारतात. तिला कुणी काही दाखवत नाही आणि तिला विचारायची लाज वाटते.

एका गावी होतो तेव्हाची गोष्ट. गावाचं नाव नको. पस्तिशीची एक बाई नव्याने लागली होती. कोर्स करून बरीच वर्षं झालेली, नवरा गेला म्हणून नोकरी धरली. हात नीटनेटका, बोलणं गोड. एका दुपारी डॉक्टर राउंडवरून जाता जाता म्हणाले, "सिस्टर, चार नंबरचं पोटॅशियम कमी आलंय, केसीएल द्या." आणि पुढे गेले. त्यांना वाटलं, या जुन्या आहेत. तिने अँप्युल फोडली, सिरिंजमध्ये ओढली आणि निघाली चार नंबरकडे. मी तिथेच बेडपॅन उचलत होतो, मला त्यातलं काय कळणार! पलीकडून तिच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान सिस्टर औषधांचा ट्रे घेऊन येत होती. तिने सहज विचारलं, "ताई, कशात घालताय ते?" ताई थांबल्या. कशात घालायचं असतं, हेच त्यांना आठवत नव्हतं. ते सलाइनच्या बाटलीत मिसळून सावकाश द्यायचं असतं. तसंच शिरेत ढकललं तर हृदय जागेवर बंद पडतं, हे मला संध्याकाळी कळलं. त्या आठवड्यात इनचार्जनी त्या अँप्युल ट्रॉलीतून काढून वेगळ्या कुलपात ठेवल्या.

त्या बाईला अक्कल कमी होती असं म्हणशील तर तसं नव्हतं. तिला भीड होती. तेवीस वर्षांच्या पोरीला कसं विचारायचं, डॉक्टरांना परत कशी हाक मारायची.

म्हणून म्हणतो, तो ट्रेनीचा बिल्ला लावून घे. ज्याची तुला लाज वाटतेय तोच तीन महिने तुझ्या बाजूने बोलेल. छोट्या दवाखान्यात आयसीयूच्या कपड्यात उभी राहिलीस की तुझं वय बघून सगळे तुला जुनी समजणार. आणि रात्री? तुला त्यांनी सांगितलं का, रात्री आयसीयूत सिस्टर किती असतात? मी सांगतो, बहुतेक तू एकटी. डॉक्टर वरच्या मजल्यावर झोपलेले. पहाटे तीनला मॉनिटर वाजायला लागला की विचारायला कोण? माझ्या लेखी तीन हजारांचा सगळा फरक त्या उत्तरात आहे. त्यांना फोन करून हा एकच प्रश्न विचारून बघ, म्हणजे तुझ्या आईलाही पटेल. आणि अजून एक. कुठेही रुजू हो, मूळ प्रमाणपत्रं कुणाकडे ठेवून घेऊ देऊ नकोस. दाखवायची, झेरॉक्स द्यायची, मूळ पिशवीत घालून घरी आणायची. कित्येक पोरी अशा अडकलेल्या पाहिल्यात. दुसरीकडे चांगलं मिळालं तरी कागद सोडवता येत नाहीत.

पगाराचं म्हणशील तर दोन्ही आकडे लाज आणणारेच आहेत. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. तिने सांगितलं, ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा नर्सला महिना २० हजारांच्या खाली देऊ नका, आणि २०० च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्या. आमच्या संघटनेत तेव्हा पेढे वाटायचेच बाकी होते. पुढे शिफारशी राज्यांच्या दारात जाऊन बसल्या. केरळात नर्सेस रस्त्यावर उतरल्या, तेव्हा २०१८ मध्ये तिथलं किमान वेतन २० हजारांवर गेलं. आपल्याकडे तू १५ की १८ याचा हिशेब करतेस. राग येतो, पण रागावून या महिन्याचा निर्णय होत नाही. वर्षभराचा मोठ्या वॉर्डाचा अनुभव हातात आला की तुझं तूच मागशील.

सरकारी भरतीचा नाद सोडू नकोस. एम्सच्या नॉरसेटला, म्हणजे त्यांच्या नर्स भरतीच्या परीक्षेला, खुल्या गटासाठी ३० वर्षांची अट आहे, ती गाडी गेली. पण राज्याच्या अधिपरिचारिका, म्हणजे स्टाफ नर्स, भरतीला खुल्या गटासाठी ३८ पर्यंत चालतं. सहा वर्षं आहेत. ड्युटीवरून आल्यावर रोज तासभर बसलीस तरी पुष्कळ. कौन्सिलचं रजिस्ट्रेशन तू मागच्या महिन्यात रिन्यू करून घेतलंस ते उत्तम केलंस, ते नसतं तर हे सगळं बोलणंच फोल होतं. आता दर पाच वर्षांची ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव.

मुलाखतीत एका मॅडमनी "दहा वर्षं काय केलंत?" असं विचारलं आणि तू रडवेली झालीस, हे जावईबापूंकडून कळलं. तू मला सांगितलं नाहीस. काय केलंस ते मी सांगू? २०१५ ला पास झालीस, लग्न झालं, बदल्यांमागे तीन शहरं बदललीस. करोनात सगळीकडे सिस्टरांना बोलावणी होती तेव्हा तुला सातवा महिना होता. आणि नंतर सासूबाई. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेलं माणूस तू चार वर्षं सांभाळलंस. दर दोन तासांनी कूस बदलणं, नाकातून पोटात घातलेल्या राइल्स ट्यूबने भरवणं, भरवण्याआधी नळी जागेवर आहे का ते बघणं, डोकं उंच ठेवणं, लघवीच्या कॅथेटरची निगा. त्यांच्या पाठीवर शेवटपर्यंत एक बेडसोर, पडून पडून होणारी जखम, नव्हता. मी आलो होतो तेव्हा चादर बदलायच्या निमित्ताने मुद्दाम बघितलं होतं, तुला माहीत नाही. सगळ्या सोयी असलेल्या वॉर्डातसुद्धा मी पाठी उघड्या पडलेल्या पाहिल्यात. हा अनुभव अर्जात नोकरी म्हणून लिहू नकोस, ते खोटं होईल. पण पुन्हा कुणी विचारलं तर मान वर करून हे असंच्या असं सांग आणि गप्प बस. पुढची सफाई देत बसू नकोस.

आता वॉर्डातलं थोडं.

पहिल्या दिवशी इनचार्ज सिस्टरांकडे जाऊन सांगायचं, हे मी हाताने केलंय, हे फक्त पुस्तकात वाचलंय, हे विसरलेय. तीन याद्या कागदावर लिहूनच ने. चांगली इनचार्ज असेल तर तो कागद ठेवून घेईल. डॉक्टरांनी तोंडी ऑर्डर दिली तर तिथेच परत म्हणून दाखवायची, औषध, मात्रा, कशातून, किती वेळात. ते वैतागले तर वैतागू देत. मला रोज इन्सुलिन घ्यावं लागायला लागल्यापासून हे जास्तच पटलंय. आपल्याकडे ४० युनिटची बाटली वेगळी आणि १०० युनिटची वेगळी, सिरिंजही वेगळी, लाल टोपीची आणि नारिंगी टोपीची. माझी लाल असताना मेडिकलवाल्या पोराने एकदा मला नारिंगी टेकवली होती. मी घरी येऊन टोपी बघितली म्हणून बरं.

सलाइन लावताना हात थरथरेल. शिरेत घालायच्या कॅन्युलाचे रंग आणि नंबर तुला पाठ असतीलच, हिरवी १८, गुलाबी २०, निळी २२, पिवळी २४. शीर सापडत नसेल तर दोनदा बघायचं, तिसऱ्यांदा दुसरीला बोलवायचं. पेशंटच्या हाताची चाळण करून आपली इज्जत राखायची नाही. हात बसायला वेळ लागतो आणि तो बसतोच. मी एकही सिस्टर अशी पाहिली नाही जिला सहा महिन्यांनंतरही शीर सापडत नव्हती.

कचऱ्याच्या पिशव्यांचं मात्र तुझ्यापेक्षा मला जास्त कळतं, तिथे मी मोठेपणा घेणार. तू कॉलेजात शिकलीस ते जुने नियम, २०१६ मध्ये बदलले. रक्ताचा कापूस, ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत. सलाइनचा सेट, कॅथेटर, ग्लोव्हज लालमध्ये. सुई, ब्लेड पांढऱ्या, टोचणार नाही अशा डब्यात. काच निळ्यात. सुईला टोपण परत लावायचं नाही, कधीच नाही. सिस्टरांनी घाईत लाल पिशवीत टाकलेली सुई शेवटी मामाच्याच बोटात जाते. माझ्या एका सोबत्याला अशी टोचली होती, सहा महिने त्याच्या घरात कुणाला झोप नव्हती. तुला टोचली तर लपवायचं नाही. साबण-पाण्याने धुवून लगेच कळवायचं. एचआयव्ही टाळायच्या गोळ्या दोन तासांच्या आत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. हिपॅटायटिस बीची लस तू कॉलेजात असताना घेतली होतीस, तीन डोस झाले होते का ते कार्ड शोधून बघ. सापडलं नाही तर रुजू व्हायच्या आधी त्यांच्याच डॉक्टरांना विचार.

आणि पोरींचं. चोवीस वर्षांची सीनियर तुला काम सांगेल, कधी चढ्या आवाजात सांगेल. तिला "सिस्टर" म्हणायचं. "अगं" नाही, "बाळा" तर मुळीच नाही. लेकीच्या वयाच्या मुलींनी मला "ए मामा, इकडे ये" म्हटलेलं मी आयुष्यभर ऐकलं. पहिली काही वर्षं लागायचं, मग कळलं की तिचा आवाज तिच्या भीतीचा आहे, सोळा पेशंट आणि ती एकटी. मावशी-मामांना मात्र तू "अहो" म्हणत जा. बापाचा वशिला समज.

तुझ्या आईला मी हे पत्र वाचून दाखवलं. पोटॅशियमच्या गोष्टीपर्यंत ती तीन हजारांवर ठाम होती, नंतर म्हणाली, "मग त्या ट्रस्टवाल्यांना बिल्ला सहा महिने द्यायला सांगा." तेव्हा तिकडचं मिटलं.

सोमवारी सकाळी त्या छोट्या दवाखान्यात फोन करून सरळ नाही म्हणून सांग, टांगून ठेवू नकोस. तेही कुणाची तरी वाट बघत असतील. नातवाचं काय, हा तुझा शेवटचा प्रश्न होता. पहिले दोन महिने आम्ही दोघंही तिकडे येतो. आई स्वयंपाकाचं बघेल, मी त्याला शाळेत सोडीन-आणीन. तुझ्या नाइट असतील तेव्हा दिवसा तुला कुणी उठवणार नाही, याची पहाऱ्यासकट जबाबदारी माझी. जावईबापूंशी बोलून घे आणि रुजू व्हायची तारीख नक्की झाली की लगेच कळव, म्हणजे मला रेल्वेचं तिकीट काढता येईल. खालचा बर्थ लागतो तुझ्या आईला.

तुझे,
अण्णा