आगपेट्या जमवायला लावणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

नाव कुठे घालायचं नाही, ही तुमची अट पाळते आहे. पण आभार मात्र चारचौघांत मानणार.

सीबीएसईने २०१९-२० पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा ऐच्छिक विषय आणला. आमची शाळा राज्य मंडळाची. चालू संगणक मोजके, तेही वीज असली तर. अशा वर्गासाठी पाठ लिहायचे म्हणजे व्याख्या आणि फायदे-तोटे, एवढंच हाती उरतं. तुम्ही आलात आणि पहिल्याच बैठकीत विचारलंत, "रिकाम्या आगपेट्या किती जमतील?"

ब्रिटिश संशोधक डोनाल्ड मिची यांनी १९६१ मध्ये ३०४ आगपेट्यांचं फुली-गोळा खेळणारं यंत्र बनवलं होतं, हे मला तुमच्याकडून कळलं. ३०४ पेट्या जमवणं आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. मग तुम्ही गणिती कोडी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांचा १९६२ मधला धाकटा खेळ काढलात: नऊ घरांचा पट, दोन्हीकडे तीन-तीन प्यादी आणि फक्त २४ पेट्या. प्रत्येक पेटीवर पटाची एक स्थिती, आत शक्य त्या चालींचे रंगीत मणी. डोळे मिटून मणी काढायचा आणि ती चाल खेळायची. यंत्र हरलं की शेवटच्या चालीचा मणी जप्त.

सुरुवातीला पोरांनी यंत्राला धू धू धुतलं. मग हळूहळू यंत्रच हरेना, मागच्या बाकावर कुजबुज सुरू झाली. एकीने पेटी हलवून पाहिली आणि म्हणाली, "बाई, याला काही कळत नाहीये. आपण चुकीचे मणी काढून घेतलेत, एवढंच." ताई, तुम्ही तेव्हा काहीच बोलला नाहीत. मला तर तोंड बंद ठेवणं फार जड गेलं!

दुसरा पाठ टीचेबल मशीनचा, म्हणजे फोटो दाखवून संगणकाला ओळखायला शिकवायच्या साधनाचा. तुमच्याच लॅपटॉपवर, तुमच्याच मोबाइलच्या इंटरनेटवर. आंब्याच्या पानांचे फोटो तुम्ही मुद्दाम व्हरांड्यातल्या लाल फरशीवर काढायला लावलेत, फणसाच्या पानांचे बाकावर. मग फणसाचं पान फरशीवर ठेवलं, तर यंत्र ठामपणे म्हणालं, आंबा. ते पान नव्हे, फरशी ओळखायला शिकलं होतं, हे मुलांनीच शोधून काढलं. त्यानंतर चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे ओळखणाऱ्या प्रणाली सावळ्या बायकांच्या बाबतीत जास्त चुकतात, हे संगणक-संशोधक जॉय बुओलाम्विनी यांचं २०१८ चं संशोधन सांगायला मला दोन मिनिटं पुरली. "फोटोच कमी दाखवले असणार," वर्गातून लगेच उत्तर आलं.

तुम्ही पाठाच्या मसुद्यात समासात लाल पेनाने लिहिलेलं सगळं मी जपून ठेवलं आहे. "यंत्र विचार करते" या वाक्यावरची काट तर एवढी जोरात की कागद फाटला आहे.

आता दहावीचे पाठ घ्यायचे आहेत, प्रश्नाला उत्तरं देणाऱ्या चॅटबॉटवर. मुलं ते घरी वापरतातच, गृहपाठातून दिसतं. मेमध्ये गावी आलात तर दोन दिवस काढा. मणी मी आणते, पेट्या तयार आहेत.

आपली,
नववीची विज्ञानाची बाई