विद्यापीठांना हावरट म्हणण्याआधी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला पेटंट-खटल्यांवरचा लेख वाचला. काल दिवसभर तो डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसलो. लेखकाचं म्हणणं असं, की अमेरिकी विद्यापीठं स्वतः काही बनवत नाहीत, जुनी पेटंटं कपाटात जपून ठेवतात आणि कंपनी मोठी झाली की तिला कोर्टात खेचून पैसे उकळतात. मी अठ्ठावीस वर्षं इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. हे वाचून गप्प बसणं मला जमलं नाही.

लेखाचा सगळा भर कार्नेगी मेलन विद्यापीठ आणि मार्व्हेल या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या खटल्यावर आहे, तर तोच घेऊ. हार्ड डिस्कवर माहिती दाटीवाटीने लिहिली की वाचताना खरखर वाढते, आणि ती खरखरही शेजारी काय लिहिलंय त्याप्रमाणे बदलत राहते. तिच्यातून खरा बिट, म्हणजे ० की १, ओळखायची रीत तिथले प्राध्यापक जोझे मौरा आणि त्यांचा विद्यार्थी अलेक्सांडर कावचिच यांनी शोधली. मार्व्हेलच्या इंजिनिअरांनी या दोघांचे शोधनिबंध वाचले आणि कंपनीतल्या एका सिम्युलेशन प्रोग्रॅमला चक्क 'कावचिच-पीपी' असं नाव दिलं. कोर्टाच्या निकालात हे नोंदलेलं आहे. म्हणजे शोध कुणाचा हे कंपनीत ठाऊक होतं. तरी पैसे देण्याची वेळ यायला २००९ चा दावा, २०१२ चा ज्युरीचा निकाल, २०१५ चं अपील आणि शेवटी २०१६ ची तडजोड, इतकं सगळं व्हावं लागलं. याला उकळणं म्हणायचं?

आणि विद्यापीठं दर वेळी जिंकतात असंही नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठाला ॲपलविरुद्ध ज्युरीने २३ कोटी डॉलर दिले होते. पुढे न्यायाधीशांनी ती रक्कम ५० कोटींवर नेली, आणि २०१८ मध्ये अपिलात सगळं शून्य झालं. कॅलटेक या विद्यापीठाला वाय-फायच्या पेटंटांवरून मिळालेले ११० कोटी डॉलर २०२२ मध्ये अपिलात रद्द झाले आणि २०२३ मध्ये तडजोड झाली. त्या पेटंटांवर शोधक म्हणून आमोद खांडेकर असं एक नाव आहे. मराठी वर्तमानपत्राने अर्धं पान छापलं आणि हे मराठी आडनाव कुठेही आलं नाही, याचं मला वाईट वाटलं. काम करणाऱ्याचं नाव गळतं कसं, ते मी जवळून पाहिलं आहे.

२०१०-११ ची गोष्ट. इचलकरंजी भागातली तीन मुलं फायनल इयर प्रोजेक्टसाठी माझ्याकडे होती. त्यांतल्या एकीचे वडील मागावर कामाला. साध्या यंत्रमागावर आडवा धागा नेणारा धोटा पलीकडे वेळेत पोचला नाही की तो ताण्यात, म्हणजे उभ्या धाग्यांत, अडकतो, एका झटक्यात शे-दीडशे धागे तुटतात, आणि ते सांधण्यात कामगाराची निम्मी पाळी जाते. पाळीत मीटर कमी भरले की मजुरी कमी. माग दुरुस्त करणारा जुना जॉबर नुसत्या आवाजावरून सांगतो, की हा माग आता अडकणार. या मुलांनी तेच यंत्राला शिकवायचं ठरवलं. पट्टीने मागाच्या चौकटीला मोबाइल बांधून रात्रपाळीत आवाज टेपले. चोवीस मागांच्या खडखडाटात एकाच मागाच्या धोट्याचा ठोका वेगळा काढायचा, तो किती उशिरा पडला ते मोजायचं आणि धागे तुटायच्या आत मोटार थांबवायची. सात महिने लागले. फेब्रुवारीतल्या एका रात्री माग पहिल्यांदा आपोआप थांबला, तेव्हा शेडमधले सगळे कामगार आपापले माग सोडून बघायला आले. त्या मुलीचे वडील काही बोलले नाहीत. धोटा हातात घेऊन उलटसुलट बघत राहिले.

मागांना लागणारं इलेक्ट्रॉनिक साहित्य बनवणाऱ्या एका कंपनीने प्रोजेक्ट 'स्पॉन्सर' केला होता. सुट्या भागांसाठी आठ हजार रुपये आणि शेवटी प्रमाणपत्र. सुरुवातीलाच तीन पानी इंग्रजी कागद आला. गाइड म्हणून पहिली सही माझी. मी केली म्हणून मुलांनीही केली. दुसऱ्या पानावर, निघणारं सगळं काम कंपनीचं राहील, असं वाक्य होतं. मी ते वाचलं नव्हतं.

व्हायवा झाल्यावर कंपनीचा माणूस अहवालाची प्रत आणि प्रोग्रॅम घेऊन गेला. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं. २०१३ च्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या मार्व्हेलविरुद्धच्या निकालाची बातमी ताजी असतानाच, माझ्या एका माजी विद्यार्थ्याने त्यातलं एक पान मला दाखवलं. अर्ज कंपनीचा, आकृती आमच्या मुलीने काढलेली आणि शोधक म्हणून कंपनीतल्या दोघांची नावं. कागदात हक्क कंपनीला दिला होता हे मान्य. पण शोधक कोण, हे करारातल्या वाक्याने बदलत नाही. जे शोधतात तेच शोधक. मी वरिष्ठांकडे गेलो. उत्तर मिळालं, "सर, जाऊ द्या. कंपनी दर वर्षी आपली दोन मुलं घेते."

आपल्या पेटंट कायद्याच्या कलम २५(१) खाली पेटंट मिळण्याआधी हरकत घेता येते आणि शोध दुसऱ्याकडून गैरमार्गाने घेतला, हे तिथलं पहिलंच कारण आहे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर त्या कंपनीने अर्ज वाऱ्यावर सोडला होता. तपासणीची विनंतीच मुदतीत केली नाही, म्हणून अर्ज बाद. पेटंट कंपनीलाही नाही, मुलांनाही नाही. छापून आलेली गोष्ट नवी राहत नाही, त्यामुळे पुढे कुणी तिच्यावर पेटंट मागू शकणार नाही. आणि कंपनीने ते यंत्र बाजारातही आणलं नाही. धागे अजून तुटताहेत.

ही चूक एकट्या आमच्या गावातली समजू नका. स्टॅनफर्डच्या एका संशोधकाने सीटस कंपनीच्या प्रयोगशाळेत काम शिकायला जाताना अशाच एका कागदावर सही केली. विद्यापीठाच्या करारात 'हक्क देण्याचे मान्य करतो' असं होतं, कंपनीच्या कागदात 'याद्वारे हक्क देतो' असं. एवढ्या फरकावर अपिलात स्टॅनफर्डचा दावा गेला, आणि २०११ मध्ये सीटसचा तो व्यवसाय विकत घेतलेल्या रोश कंपनीविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयातही हरलं. तिथे निदान वकिलांची फौज होती. आपल्याकडे तीन पानं वाचून सांगणारा एक माणूस किती कॉलेजांत आहे? सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाचे हक्क कुणाचे, हे ठरवणारं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं आणि नंतर मागे घेतलं गेलं. तुमच्या लेखात त्यावर एक ओळ नाही.

लेखाचा शेवट मात्र हळदीवर! डॉ. माशेलकरांनी १९९७ मध्ये हळदीवरचं अमेरिकी पेटंट रद्द करवून घेतलं, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. पण ते आजीच्या बटव्यातलं ज्ञान राखण्यासाठी होतं. आज नातवंडं नवीन काही शोधतात, त्याची राखण कोण करणार, यावर कधी अर्धं पान द्या.

जाता जाता आणखी एक. मार्व्हेलने दिलेली रक्कम ७५० दशलक्ष डॉलर, म्हणजे ७५ कोटी. आपण छापलंय ७५० कोटी. विद्यापीठांना हावरट ठरवणाऱ्या लेखात रक्कमच दसपट फुगली आहे. गेल्या महिन्यातही एका बातमीत मिलियनचे सरसकट कोटी केले होते. तेव्हा मी फोन केला, 'कळवतो' म्हणाले, खुलासा आला नाही. या वेळी तो छापावा आणि रविवारीच, त्याच पानावर छापावा.

त्या अहवालाची काळ्या बांधणीची एक प्रत माझ्याकडे आहे. पहिल्या पानावर तिघांची नावं आहेत. लेखकमहाशयांना पाहायची असेल तर मी स्वतः घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, इचलकरंजी