गेमच्या डब्यावर १८ छापलंय, मग अकरा वर्षांच्या पोराच्या हातात तो आला कसा?

माननीय माहिती तंत्रज्ञान मंत्री, भारत सरकार, यांस

सादर नमस्कार.

मी बेळगावच्या वडगावात यंत्रमाग चालवतो. दोन महिन्यांपूर्वी माझ्या अकरा वर्षांच्या पोरानं गेमचा रिमोट धाकट्या बहिणीवर भिरकावला. भुवईवर तीन टाके पडले. "दादा, आता बंद कर की," एवढंच ती म्हणाली होती. तो काय खेळतो ते मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं. गुडघ्यावर बसून जीव मागणाऱ्या माणसाच्या डोक्यात गोळी. मागाच्या खडखडाटात शेजारच्या खोलीतला गोळीबार मला कधी ऐकूच आला नाही. ही बोच जात नाही.

सीडीच्या डब्यावर लाल चौकोनात १८ छापलंय. दुकानदार म्हणाला, "ते तिकडच्या लोकांसाठी, इथं कोण विचारतंय?" पोलीस ठाण्यात कलम सापडेना. एका कार्यालयात साहेबांनी पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यायचा शब्द दिला. आज अठ्ठेचाळीस दिवस झाले. आणि काल त्याच दुकानातून आमच्या गल्लीतलं नऊ वर्षांचं पोरगं तीच सीडी घेऊन आलं.

साहेब, बाहेरच्या देशांत या आकड्याला वजन आहे. २००७ साली 'मॅनहंट २' या मारधाडीच्या गेमवर अमेरिकेत 'फक्त प्रौढांसाठी' असा शिक्का बसला, तेव्हा सोनी आणि निन्टेंडोनं तो आपल्या गेम खेळायच्या यंत्रांवर घेतलाच नाही. गेम काढणाऱ्या कंपनीनं मारामारीची दृश्यं झाकली, खालच्या वयाचा शिक्का मिळवला, तेव्हा कुठं गेम बाजारात आला. ऑस्ट्रेलियात २०१३ पर्यंत गेमसाठी १८ चा वर्गच नव्हता. त्याखालच्या वर्गात न बसणारा गेम दुकानात विकताच येत नसे.

आणि आपल्याकडं? सिनेमाला १९५२ चा कायदा आहे. ओटीटीला २०२१ पासून वयाचे वर्ग आहेत. २०२० मध्ये पबजी बंद केलात तो देशाच्या सुरक्षेसाठी, २०२५ चा कायदा केलात तो पैशांच्या खेळांवर बंदी घालायला. लेकरानं किती रक्त बघावं, हे दुकानदारावर बंधनकारक करणारं कलम कुठं आहे?

विचारायला जावं तर बेळगावातले बेंगळुरूकडं बोट दाखवतात, बेंगळुरूतले दिल्लीकडं. आमच्या गावात सुवर्ण विधानसौध ही कर्नाटक विधिमंडळाची इमारत बांधून २०१२ मध्ये उद्घाटन केलं, पण वर्षातून एक अधिवेशन सोडलं तर माझ्यासारख्यानं तिथं कुणाला भेटावं? अर्ज मराठीत दिला तर कन्नडमध्ये आणा म्हणतात. आमच्या जमिनीसाठी दोन राज्यं २००४ पासून सुप्रीम कोर्टात भांडताहेत, पण आमच्या लेकरांसाठी एक टेबल नाही. कर भरताना आमची भाषा कुणी विचारत नाही.

वयाचा शिक्का कायद्यानं सक्तीचा करा. तो मराठीत आणि कन्नडमध्येही छापा. वय न बघता विकणाऱ्याला दंड करा.

डबा आणि दुकानाची पावती मी जपून ठेवली आहे. तुमचा माणूस पाठवा, दाखवतो.

आपला,
एक यंत्रमागधारक, वडगाव, बेळगाव