वाय-फाय अडॅप्टरच्या खोक्यावर चिपचे नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा आधार थांबवला. तेव्हापासून जुने संगणक भंगारात न घालता त्यांवर लिनक्स ही मोफत संगणकप्रणाली बसवावी, असे सुचवणारे लेख आपल्या पुरवणीत अधूनमधून येतात. मी ते आवडीने वाचते, कात्रणेही ठेवते, कारण निवृत्तीनंतर मी हेच काम हाती घेतले आहे. पडून राहिलेले संगणक मागून आणायचे, साफसूफ करायचे, त्यांवर लिनक्स बसवायचे आणि गरजू विद्यार्थ्यांना द्यायचे. म्हणूनच अशा एका लेखाच्या शेवटी आलेले वाक्य मला स्वस्थ बसू देईना. ‘वाय-फाय चालले नाही तर कोणताही यूएसबी अडॅप्टर आणून लावा, काम होईल.’ कोणताही अडॅप्टर लावून काम होत नाही, संपादक महोदय. लिनक्सवर नेमके तिथेच घोडे अडते, आणि वाचकाने खर्च केलेला असतो म्हणून हे लिहिणे भाग आहे.

अडॅप्टर, म्हणजे यूएसबीच्या खाचेत लावायचे वाय-फायचे छोटे उपकरण, घेताना आपल्याला दिसते ते त्याचे खोके. त्यावर मोठ्या अक्षरांत वेग, अँटेनांचे चित्र, ‘प्लग अँड प्ले’ची हमी आणि खाली बारीक अक्षरांत कोणकोणत्या प्रणालींवर चालतो त्याची यादी. त्या यादीत कधी कधी ‘लिनक्स’ हा शब्दही असतो. मात्र आत कोणत्या कंपनीची कोणती चिप आहे, ही एकमेव कामाची माहिती कुठेच नसते. लिनक्सला अडॅप्टरच्या ब्रँडशी काही देणेघेणे नाही, त्याचा सगळा व्यवहार चिपशी. त्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासून असेल तर अडॅप्टर खोचल्याबरोबर नेटवर्कची यादी समोर येते, बाहेरून काही उतरवून घ्यावे लागत नाही. ड्रायव्हर नसेल, तर खोक्यावर काहीही छापलेले असो, दिवा लुकलुकतो आणि पुढे काही घडत नाही.

त्यात भर म्हणजे एकाच नावाच्या अडॅप्टरमध्ये वेगवेगळ्या चिप असू शकतात. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एनचे उदाहरण लिनक्स वापरणाऱ्यांमध्ये सर्वश्रुत आहे. त्याच्या पहिल्या आवृत्तीत ॲथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती, दुसऱ्या आवृत्तीपासून रिअलटेकची चिप आली. नाव तेच, मॉडेल क्रमांक तोच. फरक फक्त लेबलावर आवृत्तीची जी बारीकशी नोंद असते तिच्यात. पहिल्या आवृत्तीची स्तुती वाचून एखाद्याने दुसरी आवृत्ती घेतली, तर त्याने चौकशी केली नाही असे कसे म्हणायचे? त्याने चौकशी केलीच होती.

मला कोणी विचारले तर मी अडॅप्टरचे नाव न सांगता चिपचे नाव कागदावर लिहून देते. अर्ज भरणे, धडे वाचणे, व्हिडिओवर तास ऐकणे एवढेच काम असेल तर एआर९२७१ आजही उत्तम. ती फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि तिचा कागदावरचा वेग १५० मेगाबिट आहे. पण तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये वर्षानुवर्षे मुरलेला आहे आणि तिच्या फर्मवेअरचा (चिपच्या आत चालणाऱ्या प्रोग्रामचा) सोर्स कोडसुद्धा २०१३ मध्ये खुला झाला. ५ गिगाहर्ट्झ हवे असेल तर मीडियाटेकची एमटी७६१२यू किंवा तिची धाकटी बहीण एमटी७६१०यू पाहावी. या दोन्हींचे ड्रायव्हर २०१८ मध्ये ४.१९ या आवृत्तीच्या कर्नलपासून आत आले, म्हणजे आज बसवल्या जाणाऱ्या जवळपास कोणत्याही लिनक्सवर त्या विनातक्रार चालाव्यात. वाय-फाय ६ हवे असेल तर एमटी७९२१एयू. तिच्यासाठी मे २०२२ मधला ५.१८ किंवा त्यानंतरचा कर्नल लागतो.

रिअलटेकचे काय, असे हमखास विचारले जाते, कारण बाजारात सहज मिळणाऱ्या पुष्कळ अडॅप्टरांत याच चिप असतात. ‘लिनक्सवर रिअलटेक नको’ हा सल्ला एके काळी बरोबर होता. आज तो सरसकट देणे अन्यायाचे आहे. फेब्रुवारी २०२३ मधल्या ६.२ कर्नलपासून ८८२१सीयू आणि ८८२२बीयू या कुळांतल्या यूएसबी चिपना कर्नलमध्ये जागा मिळाली, आणि २०२५च्या सुरुवातीला आलेल्या कर्नलपासून ८८१२एयू व ८८११एयू या जुन्या, घरोघरी पोचलेल्या चिपनाही. त्यामुळे चिप आणि कर्नल या दोन्हींची जोडी जुळते का, ते पाहायचे. डेबियन हा लिनक्सचाच एक प्रकार. डेबियन १२ सोबत ६.१ कर्नल येतो आणि डेबियन १३ सोबत ६.१२, म्हणजे ८८१२एयूचा अडॅप्टर डेबियन १३ वर खोचला तरी मूळ कर्नल त्याला ओळखणार नाही. त्याच अडॅप्टरला ६.१४ कर्नल असलेला दुसरा संगणक चटकन ओळखेल. लोकांना वाटते अडॅप्टर सदोष आहे. तो बिचारा धडधाकट असतो.

कर्नलबाहेरचा ड्रायव्हर घेऊन तो बसवता येतो, हे मला ठाऊक आहे. स्वयंसेवकांनी असे ड्रायव्हर वर्षानुवर्षे सांभाळले आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. पण ज्याला संगणक दिला त्याला ही वाट दाखवताना मला धीर होत नाही. एक तर ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट हवे, आणि इंटरनेटसाठीच ड्रायव्हर हवा. यावर सोपा तोडगा म्हणजे अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करणे. ते लिनक्स आपसूक ओळखते. पण पुढे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फायली आणि डीकेएमएस हे साधन बसवावे लागते. डीकेएमएस दर नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर पुन्हा बांधून देते, मात्र नव्या कर्नलची आतली रचना बदलली असेल तर तेही हात टेकते. काल रात्री अपडेट झाले आणि आज सकाळी वाय-फाय गायब, ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

त्यात सिक्युअर बूट, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर आत घेणारी सोय, चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल आत घेतच नाही. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ एवढे एकच वाक्य पडद्यावर येते आणि त्यातून सामान्य माणसाला काहीही उमगत नाही. अशा वेळी ड्रायव्हरवर सही करणारी आपली डिजिटल किल्ली संगणकात नोंदवावी लागते. तात्पुरता पासवर्ड ठरवायचा, संगणक पुन्हा सुरू करायचा आणि निळा पडदा आला की लगेच कोणतेही बटण दाबून नोंदणी पुरी करायची. तो पडदा जेमतेम दहा सेकंद थांबतो. तेवढ्यात कोणी पाणी प्यायला उठले तर संगणक नेहमीसारखा सुरू होतो आणि सगळे पहिल्यापासून करावे लागते. कर्नलमध्येच ड्रायव्हर असलेली चिप घेतली तर यातले काहीच करावे लागत नाही, म्हणून माझा एवढा आग्रह.

आता एक प्रसंग सांगते, कारण असा प्रकार इतरांच्याही वाट्याला येत असणार. एका विद्यार्थिनीने नवा अडॅप्टर लावला आणि मला फोन केला. ‘बाई, दिवा लागतोय, पण नेटवर्क एकही दिसत नाही. आणि स्क्रीनवर सीडीचं चित्र आलंय. या लॅपटॉपला तर सीडीची खाचच नाही!’ प्रवेश अर्जाची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि लिनक्स काढून टाकायची तिची तयारी झाली होती. मी तिला त्या चित्रावर उजवे क्लिक करून ‘इजेक्ट’ निवडायला सांगितले. चित्र गेले, दिवा क्षणभर विझून पुन्हा लागला आणि ती फोनवरच आजूबाजूच्या नेटवर्कची नावे मला वाचून दाखवू लागली.

झाले होते ते असे. काही अडॅप्टर खोचल्यावर आधी स्वतःला सीडी म्हणून पुढे करतात. त्या बनावट सीडीत विंडोजचा ड्रायव्हर भरलेला असतो. तो बसला की सीडी आपोआप बाहेर पडते आणि उपकरण वाय-फायच्या रूपात येते. लिनक्सवर ते बाहेर काढण्याचे काम यूएसबी-मोडस्विच हा छोटा प्रोग्राम करतो, पण तो बसवलेला हवा आणि त्याला त्या उपकरणाची ओळख हवी. रिअलटेकच्या अनेक चिप सीडीच्या रूपात ०बीडीए:१ए२बी हा क्रमांक दाखवतात आणि वाय-फाय झाल्यावर तो बदलतो, उदाहरणार्थ ८८११सीयूचा ०बीडीए:सी८११ होतो. यादीत १ए२बी दिसले की ड्रायव्हर शोधायची घाई करू नये. आधी सीडी बाहेर काढावी.

हे क्रमांक दाखवणारी आज्ञा म्हणजे ‘एलएसयूएसबी’. टर्मिनल, म्हणजे आज्ञा लिहायची खिडकी, उघडून इंग्रजी लहान अक्षरांत ती लिहायची आणि एंटर दाबायचे. जोडलेल्या प्रत्येक यूएसबी उपकरणापुढे चार-चार अक्षरांची जोडी येते, पहिली कंपनीची आणि दुसरी उपकरणाची. वाय-फाय बिघडल्याची कोणतीही तक्रार आली की मी पहिल्यांदा ही ओळ मागते, कारण तिच्यावरून खोक्याच्या आत खरोखर काय आहे ते कळते. यादीत अडॅप्टर नसेलच तर दोष खाचेत, केबलमध्ये किंवा अडॅप्टरमध्ये. मग सॉफ्टवेअरशी झटापट करण्यात अर्थ नाही. यादीत असून चालत नसेल तर ‘डीमेसेज’ (dmesg) या आज्ञेने कर्नलची नोंदवही उघडावी. तिथे फर्मवेअरचे नाव आणि त्यापुढे उणे २ ही त्रुटी दिसली, तर ड्रायव्हर आहे, फक्त फर्मवेअरची फाईल संगणकात नाही. डेबियनने १२व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्येच द्यायला सुरुवात केली आणि माझे कितीतरी काम हलके झाले. वाय-फाय सॉफ्टवेअरमधूनच बंद केलेले नाही ना, तेही ‘आरएफकिल’ (rfkill) या आज्ञेने पाहून घ्यावे. एक मिनिटाचे काम आहे.

नेटवर्क दिसते, पासवर्ड बरोबर आहे, तरी पुन्हा पुन्हा पासवर्डच विचारला जातो, असेही होते. अशा वेळी नेटवर्कमॅनेजर या जोडण्या सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये, नेटवर्क शोधताना मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) बदलत राहण्याची सोय बंद करून पाहावी, काही ड्रायव्हरना ती झेपत नाही. जोडणी लागते पण थोड्या थोड्या वेळाने गळते, तेव्हा वाय-फायची वीजबचत बंद करावी. आणि जुन्या पुस्तकांत दिलेले ‘डब्ल्यूलॅन०’ हे नाव सापडले नाही म्हणून घाबरू नये. आता यूएसबी अडॅप्टरचे नाव बहुधा ‘डब्ल्यूएलएक्स’ आणि त्यापुढे मॅक पत्त्याची बारा अक्षरे असे लांबलचक असते.

एक दोष मात्र ना ड्रायव्हरमध्ये असतो ना चिपमध्ये, आणि त्याने मला सर्वांत जास्त छळले आहे. यूएसबी ३ची खाच आणि तिच्यात लावलेली हार्ड डिस्क २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट करते. इंटेलने २०१२ मध्येच यावर सविस्तर टिपण प्रसिद्ध केले आहे. हार्ड डिस्कवर काही कॉपी होत असताना शेजारच्या खाचेतल्या अडॅप्टरचे वाय-फाय मंदावते किंवा तुटते, कॉपी संपली की पूर्ववत होते, आणि कारण कोणालाच कळत नाही. हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल लावून अडॅप्टर संगणकापासून दूर ठेवला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. ५ गिगाहर्ट्झवर जाता आले तर उत्तमच. मी आता अडॅप्टरसोबत अशी केबल देतेच.

वेगाच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. ‘एसी१२००’ म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७ मेगाबिट यांची बेरीज. यूएसबी अडॅप्टर एका वेळी एकाच पट्ट्यावर जोडला जातो, म्हणजे ती बेरीज कोणाच्याच पदरात पडत नाही. त्यातून अडॅप्टर यूएसबी २चा असेल तर त्या खाचेची कमाल मर्यादाच ४८० मेगाबिट आहे.

उत्पादकांकडे माझी मागणी साधी आहे. आतल्या चिपचे पूर्ण नाव खोक्यावर छापा, आणि चिप बदलली तर मॉडेल क्रमांकही बदला. औषधाच्या वेष्टनावर घटकद्रव्याचे नाव असते, तेवढेच आम्ही मागतो आहोत. चिपचे नाव छापायला उत्पादकांना एका ओळीची जागा पुरते. ते छापले नाही तर ज्याच्याकडे दुसरा संगणक नाही असा विद्यार्थी ऐन मुदतीच्या दिवशी अडकतो.

आपल्याकडेही एक विनंती आहे. आपल्या पुरवणीत उपकरणांची परीक्षणे येतात आणि त्यांत खोक्यावरचे आकडे सविस्तर दिलेले असतात. यापुढे वाय-फाय अडॅप्टरचे परीक्षण करताना तो लिनक्सवर एकदा खोचून पाहावा. ‘एलएसयूएसबी’ची ओळ, चिपचे नाव, लेबलावरची आवृत्ती आणि कोणत्या कर्नलवर तो विनासायास चालला, एवढे परीक्षणासोबतच्या चौकटीत छापावे. अशा चौकटी छापून येऊ लागल्या तर मी त्यांची कात्रणे विद्यार्थ्यांना संगणकासोबतच देईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका