टाइलखाली झाकल्या जाणाऱ्या कामाचे आधी बोला

महोदय,

घराच्या दुरुस्तीसाठी कंत्राटदार निवडताना बहुतेक जण तीन कोटेशन मागवतात आणि खालची बेरीज पाहून निर्णय घेतात. तीन कोटेशन मागवावीतच, पण ती तिन्ही एकाच कामाची असायला हवीत. एकाने ‘बाथरूम नूतनीकरण, वॉटरप्रूफिंगसह’ अशी एकच ओळ लिहिलेली असते, दुसऱ्याने तेच काम आठ बाबींत फोडून मांडलेले असते, आणि बेरीज पहिल्याची कमी दिसते. कोणत्या बाबी गाळायच्या हे त्याने कागदावर येऊ दिलेले नसते, एवढेच. म्हणून कामांची यादी घरमालकानेच मापांसह करावी आणि तिघांच्या हाती तीच द्यावी.

हलगर्जीपणा बहुधा नंतर झाकल्या जाणाऱ्या कामात होतो. रंगाचा ओघळ किंवा वाकडा दरवाजा कोणालाही दिसतो. टाइलखालचा थर, गिलाव्यातली पाइप, फॉल्स सीलिंगवरची वायर मात्र वर्षभराने बोलू लागते, तोवर पैसे चुकते झालेले असतात.

बाथरूमचेच पाहा. जुन्या टाइल्स आणि त्याखालचा भराव स्लॅबपर्यंत काढावा लागतो. आधी सांडपाण्याचे पाइप आणि ट्रॅप (पाणी धरून गटाराचा वास अडवणारा भाग) बसवायचे, स्लॅबमधून पाइप जातो तिथली भोवतालची फट न आकसणाऱ्या ग्राउटने (फटी भरायच्या सिमेंटच्या मिश्रणाने) ठासून भरायची. गळती सर्वाधिक होते ती याच फटीतून, भर जमिनीतून नव्हे. मग भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात सिमेंट-वाळूच्या मसाल्याची गोलाई करायची, कारण काटकोनात लावलेला थर तिथे ताणला जाऊन तडकतो. त्यानंतर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, पहिला वाळल्यावर दुसरा आणि पहिल्याला आडवा. हा थर भिंतीवर निदान एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फूट चढलेला हवा. मग नाहणीचे, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या जाळीचे, तोंड बंद करून दोन इंच पाणी भरायचे, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची आणि ४८ तास तसेच ठेवायचे. पातळी थोडी बाष्पीभवनानेही उतरते, म्हणून खालच्या मजल्याचे छतही पाहायचे. ही चाचणी टाइल बसवण्याआधी झाली पाहिजे. थर टिकला की त्यावर ढाळाचा मसाला, साधारण ८० ला १ या उताराने नाहणीकडे, आणि मग टाइल.

एवढे करूनही काम बिघडते ते क्रम चुकल्याने. थर वाळला आणि मग प्लंबर आठवण झाल्यासारखा एखादी पाइप सरकवायला छिन्नी घेऊन आला, तर आधीचे सगळे वाया. म्हणून भिंतीतल्या पाइपांचे काम वॉटरप्रूफिंगच्या आधी संपवून त्यांची दाबचाचणी घ्यावी: सांधे पक्के वाळू द्यायचे, लाइन पाण्याने भरायची, हातपंपाने रोजच्या दाबाच्या दीडपट दाब द्यायचा आणि दाबमापकाचा काटा स्थिर राहतो का पाहायचे. पाइप-वायरसाठी भिंतीत कोरलेल्या झिरी बुजवण्यापूर्वी शेजारी टेप धरून पाइप आणि वायरचे फोटो काढावेत. पुढे भिंतीत खिळा ठोकताना तेच उपयोगी पडतात.

आता मोजमाप. ‘प्रत्यक्ष मोजून’ एवढे लिहून भागत नाही, काय मोजायचे तेही लिहावे. १० बाय १२ फुटांची, १० फूट उंचीची खोली घ्या. चार भिंतींचे ४४० चौरस फूट, छताचे १२०, एकूण ५६०. त्यातून ३ बाय ७ चा दरवाजा आणि ४ बाय ५ ची खिडकी मिळून ४१ गेले, राहिले ५१९. दारे-खिडक्या वजा करायच्या की त्यांच्या कडांच्या मोबदल्यात सोडून द्यायच्या, हे काम सुरू होण्याआधी ठरवले तर बिलाच्या दिवशी वाद होत नाही. दरात पुट्टीचे किती हात, प्रायमर आहे का, राडारोडा कोण उचलणार, हेही त्याच ओळीत यावे.

माल कोणी आणायचा यावर मतभेद आहेत. टाइल्स, नळ, रंग घरमालकाने आणायला हरकत नाही. टाइल्स दहा टक्के जास्त आणि एकाच बॅचच्या घ्याव्यात, नंतर तीच छटा मिळत नाही. वॉटरप्रूफिंगचे रसायन आणि ते लावणारा हात मात्र एकाचाच असावा, हे माझे ठाम मत आहे. ते वेगळे केले की गळती निघाल्यावर कंत्राटदार मालाला दोष देतो आणि विक्रेता कारागिरीला. फक्त डबे सीलबंद यावेत आणि घरमालकासमोर उघडावेत.

जुने काम पाहायला जाल तर किमान वर्ष झालेले निवडा. टाइलवर नाण्याने टकटक करा. बद्द, पोकळ आवाज आला तर मसाला चार ठिपके देऊन लावलेला आहे, आणि त्या पोकळीत पाणी साचते. चालू कामही एकदा न सांगता पाहा. सिमेंटची पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवली आहेत का? घट्ट होऊ लागलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी ओतून तो वापरतात का? साइटवर रोज कोण उभा असतो? गोड बोलणारा माणूस कोटेशन देतो आणि काम दुसऱ्याच टोळीकडे जाते, असे सर्रास होते.

पैशाचे हप्ते तारखेला बांधू नयेत, टप्प्याला बांधावेत. उचल दहा ते पंधरा टक्के पुरते. पुढचा हप्ता पाइपांची दाबचाचणी झाल्यावर, त्यापुढचा पाणी भरून ४८ तास झाल्यावर, असा. पाच ते दहा टक्के रक्कम काम संपून महिनाभर वापर झाल्यावरच द्यावी. वाढीव काम निघाले तर दर आणि माप लिहून दोघांच्या सह्या झाल्यावरच हात लावू द्यावा. प्रामाणिक कंत्राटदारालाही याने संरक्षण मिळते, कारण त्याचीही वाढीव कामे ‘हे तर ठरलेच होते’ म्हणून बुडवली जातात.

हमीबद्दल शेवटचे. ‘दहा वर्षांची वॉटरप्रूफिंग हमी’ या शब्दांखाली बहुधा फक्त रसायन पुन्हा लावून देणे येते. गळती निघाली तर टाइल्स फोडणे, नव्या आणणे, बसवणे हा खर्च कोणाचा, हे त्या कागदावर नसेल तर लिहून घ्यावे.

आपल्या वृत्तपत्राने घरदुरुस्तीच्या कराराचा, टप्पे आणि चाचण्या नमूद केलेला एक पानी नमुना छापावा, ही विनंती. वाचकांना तो कापून थेट कंत्राटदारापुढे ठेवता येईल.

आपला,
एक स्थापत्य अभियंता